ऑक्सफर्डची जाडजूड डिक्शनरी: घ्यायची की ऑप्शनला टाकायची?

आधीच सांगून टाकते, ज्यांना शब्दासमोर मराठी अर्थ छापलेला हवाय त्यांनी ही घेऊ नका, उगाच पैसे जातील आणि मग मला बोल लावाल. ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी, दहावी आवृत्ती, २०२० ची. सगळं इंग्रजीचं इंग्रजीतच, मराठीचं एक अक्षर नाही. पंधराशेच्या वर पानं, कागद पातळ, अक्षर बारीक आणि वजन म्हणाल तर वरवंटा उचलल्यासारखं. तरी मी चार स्टार देतेय, आणि ते का देतेय ते एकाच शब्दाच्या भोवती फिरून सांगते, कारण अख्खी डिक्शनरी वाचून रिव्ह्यू लिहिणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

शब्द म्हणजे ऑप्शन. आणि त्याचं सगळं खटलं, चॉइस, अल्टर्नेटिव्ह, प्रिफर, ऑप्ट वगैरे. कुठलीही डिक्शनरी हातात आली की मी आधी हेच काढून बघते. जी डिक्शनरी "ऑप्शन म्हणजे पर्याय, अल्टर्नेटिव्ह म्हणजे पर्याय, चॉइस म्हणजे निवड किंवा पर्याय" असं लिहून हात झटकते ती परत कपाटात. पर्याय हा अर्थ चूक नाहीये हो, पण तेवढ्यावर वाक्य बनत नाही ना.

मी इंदिरानगरला घरीच इंग्रजीचे क्लास घेते. दुपारी आठवी ते दहावीची पोरं आणि संध्याकाळी नोकरीवाल्यांची बॅच, त्यात अंबड एमआयडीसीतली दोघं-तिघं, गंगापूर धरणाकडच्या एका रिसॉर्टवर रिसेप्शनला बसणारी एक मुलगी, द्राक्षांच्या एक्स्पोर्टमध्ये कागदपत्रं बघणारा एक जण, असा सगळा नाशिकचा मिक्स चिवडा. या सगळ्यांना ऑप्शन हा शब्द येतो. येतो म्हणजे काय, दिवसातून पन्नास वेळा वापरतात, आणि तिथेच तर सगळी गोची आहे, कारण आपला मराठीतला ऑप्शन आणि त्यांचा इंग्रजीतला ऑप्शन ही दोन वेगळी माणसं आहेत, नाव सारखं म्हणून एकच समजायची नाहीत.

आता बघा ना, आपण म्हणतो "भूमिती ऑप्शनला टाकली". म्हणजे सोडून दिली. पेपरात "खालीलपैकी कोणतेही दोन सोडवा" असं असतं, त्यामुळे एखादा धडा केलाच नाही तरी चालून जातं, त्यातून आलेला हा प्रकार, आणि आपल्याकडे दहावी झालेल्या प्रत्येकाने आयुष्यात काहीतरी ऑप्शनला टाकलेलंच असतं. पण "ऑप्शनला ठेवलंय" म्हटलं की गाडी उलटी वळते. एखादं स्थळ ऑप्शनला ठेवतात म्हणजे हातचं राखून ठेवतात, दुसरं नाही जमलं तर हे आहेच. टाकलं तर गेलं आणि ठेवलं तर राहिलं, क्रियापद बदललं की अख्खा अर्थ फिरला. आणि तिसरा प्रकार कौतुकाचा, "त्याच्या मिसळीला ऑप्शन नाही भाऊ!"

आता हे तिन्ही इंग्रजीत न्या बघू. दहावीचा एक पोरगा मला म्हणाला, "मॅडम, आय पुट ग्रामर इन ऑप्शन." आपल्याला लगेच कळलं, पण बाहेरचा इंग्रजी बोलणारा माणूस ऐकेल तर त्याला एक तर काही कळणार नाही नाहीतर वाटेल की याने ग्रामर हा विषय हौसेने निवडलाय! तिकडे ऑप्शन म्हणजे जे तुम्ही घेऊ शकता ते. टाकून दिलेल्याला ऑप्शन म्हणत नाहीत. तिथे साधं स्किप म्हणायचं किंवा लेफ्ट इट आउट. स्थळाच्या बाबतीत "कीप युअर ऑप्शन्स ओपन" चालतं, म्हणजे आत्ताच कुणाला हो म्हणू नका. आणि मिसळीचं मला या डिक्शनरीत सापडलं ते ऑप्शनखाली नाही तर सब्स्टिट्यूटखाली, "देअर इज नो सब्स्टिट्यूट फॉर" असं. मिसळीला नो ऑप्शन म्हटलं तर पाहुण्याला वाटेल दुकानात दुसरं काही मिळतच नाही, जे आपल्या नाशकातल्या काही ठिकाणांबद्दल खरंही आहे म्हणा.

ऑप्शन शब्दाच्या जवळ या डिक्शनरीत एक चौकट आहे, रंगीत पट्टीवाली. त्यात ऑप्शन, चॉइस, अल्टर्नेटिव्ह आणि पॉसिबिलिटी असे चार शब्द एका ओळीत उभे केलेत आणि कोण कुठे वेगळा पडतो ते साध्या भाषेत सांगितलंय. चॉइस जरा घरगुती, अल्टर्नेटिव्ह जरा सुटाबुटातला, ऑप्शन मधला. निवडायची मोकळीक असं म्हणायचं असेल तर चॉइस जास्त बसतो, ऑप्शन कधीकधी चालतो, अल्टर्नेटिव्ह सहसा नाही. आणि कॉम्प्युटरवर मेन्यूत जे येतात ते ऑप्शन. चार ओळींत विषय संपला. हे मी फळ्यावर पाऊण तास समजवायचे. क्रियापदांची अशीच चौकट चूजपाशी आहे, त्यात सिलेक्ट, पिक, डिसाइड, ऑप्ट, गो फॉर सगळे आलेत. माझ्या मते या डिक्शनरीचे निम्मे पैसे या चौकटींचेच आहेत.

उरलेले निम्मे पैसे शब्दाच्या मागे लागणाऱ्या बारक्या शब्दांचे. टू, फॉर, बट, बिटवीन. आपल्याला अर्थ माहिती असतो पण गाडी तिथे अडते. अंबडच्या कंपनीतल्या आमच्या एका दादाने सप्लायरला मेल लिहिला होता, माल वेळेवर आला नाही म्हणून तापून, "वी हॅव नो ऑप्शन दॅन टू कॅन्सल द ऑर्डर." पाठवायच्या आधी मला दाखवला. मी म्हटलं मी सांगणार नाही, काढ डिक्शनरी. त्याने बोट फिरवत फिरवत काढलं, नो ऑप्शन बट टू. "मॅडम, बट म्हणजे पण ना? इथे पण कुठून आला?" आता हा बट म्हणजे "शिवाय", रद्द करण्याशिवाय इलाज नाही. नो चॉइस बट टू, नो अल्टर्नेटिव्ह बट टू, तिघांनाही तोच बट. एकदा डोळ्याने छापलेलं बघितलं की डोक्यात बसतं, मी दहा वेळा बोलून बसत नाही हा अनुभव आहे. मेल गेला, माल कधी आला ते मला विचारू नका.

प्रिफरचंही तसंच. "आय प्रिफर टी दॅन कॉफी" हे आपल्याकडे इतकं पक्कं रुजलंय की बरोबर बोललं तर समोरचा आपल्यालाच सुधारायला जातो. टी टू कॉफी, बस. दॅन येतो तो वुड रादरच्या मागे, आय वुड रादर वॉक दॅन टेक अ रिक्षा, आणि बहुतेक तिथूनच तो प्रिफरच्या मागे येऊन चिकटला असावा असा माझा आपला अंदाज. शिवाय प्रिफरला आयएनजी लावून "आय ॲम प्रिफरिंग" म्हणायचं नाही, हेही या डिक्शनरीत शब्दाला लागूनच कंसात दिलंय. प्रिफर्डला दोन आर आणि प्रेफरन्सला एकच, उच्चारात जोर प्रिफरला शेवटी आणि प्रेफरन्सला सुरुवातीला, या असल्या बारीकसारीक गोष्टी सगळ्या एका जागी मिळतात. रिसॉर्टवाल्या मुलीला रोज विचारावं लागतं, धरणाकडची खोली हवी की बागेकडची. ती आधी म्हणायची "विच यू वॉन्ट सर?" त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं पण जरा उर्मट वाटायचं. आता म्हणते "वुड यू प्रिफर द लेक साइड ऑर द गार्डन साइड?" तिचं म्हणणं गिऱ्हाईक एकदम नरम होतं. असेलही.

ऑप्ट हा तीन अक्षरांचा पिटुकला शब्द, पण डिक्शनरीत त्याला सी१ असा शिक्का आहे. हे शिक्के म्हणजे युरोपातली भाषेची पातळी मोजायची पद्धत, ए१ म्हणजे अगदी बिगरी आणि सी२ म्हणजे पंडित. चूज आणि प्रिफर दोन्ही ए१. गंमत म्हणजे आपल्याकडे बालवाडीतल्या पोरांच्या आया पण ऑप्ट म्हणतात, "आम्ही सेमी ऑप्ट केलंय." फक्त इंग्रजी बोलताना फॉर खातात. आय ऑप्टेड सायन्स नाही, ऑप्टेड फॉर सायन्स. चूज म्हणायचं असेल तर मात्र फॉर नको, चोज सायन्स. ज्याला हवा त्याला नाही द्यायचा आणि ज्याला नको त्याला द्यायचा असा आपला फॉरच्या बाबतीतला कारभार!

जूनमध्ये तर हा विषय माझ्याकडे पालकच घेऊन येतात. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झालेत, त्यात कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा कॉलेजं पसंतीच्या क्रमाने भरायची. पुढे इंजिनीअरिंगला कॅप राउंडचा, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीचा, ऑप्शन फॉर्म. सोसायटीतल्या एक वहिनी विचारायला आल्या, "काकू, ऑप्शन आणि प्रेफरन्स एकच ना?" एकच नाही. ऑप्शन म्हणजे यादीतलं एकेक कॉलेज किंवा ब्रँच, आणि प्रेफरन्स म्हणजे त्याला तुम्ही दिलेला नंबर. हा फरक कागदावरचा नाही बरं, पहिल्या प्रेफरन्सचं कॉलेज लागलं की अकरावीला तिथे ॲडमिशन घ्यावीच लागते नाहीतर नियमित फेऱ्यांमधून बाहेर, आणि कॅपमध्ये ती सीट आपोआप फ्रीज होते, म्हणजे तीच पक्की, पुढच्या फेरीत बदल नाही. म्हणून "बघू तर खरं" म्हणून एक नंबरला काहीही टाकायचं नसतं. आमच्या ह्यांना लगेच समजलं, कारण ते शिक्षक, आणि २०२४ च्या जूनमध्ये नाशिक शिक्षक मतदारसंघाची निवडणूक झाली तेव्हा जांभळ्या स्केचपेनने उमेदवारांपुढे एक, दोन, तीन असे आकडे घालून आलेले. उमेदवार म्हणजे ऑप्शन आणि आकडा म्हणजे प्रेफरन्स, वहिनींना त्यांनीच समजावून सांगितलं, माझ्यापेक्षा चांगलं.

चॉइस शब्दावर मी जास्त वेळ घालवते कारण त्यात मराठी माणूस सगळ्यात आत्मविश्वासाने घसरतो. "तिची चॉइस भारी आहे" म्हणजे तिची आवड चांगली, साड्या छान घेते. इंग्रजीत "हर चॉइस इज गुड" म्हटलं तर ती आत्ता जी एक साडी निवडलीय तेवढीच चांगली असं होतं, एकूण आवडीला टेस्ट म्हणतात, शी हॅज गुड टेस्ट. पण याच शब्दाचं एक अंग असं आहे की ते आपल्या मराठीला नेमकं जुळतं. चॉइस हे विशेषणही आहे. फळांच्या बाबतीत चॉइस म्हणजे निवडक, उत्तम, आणि "अ फ्यू चॉइस वर्ड्स" म्हणजे? शेलके शब्द! आपण नाही का म्हणत, "शेलक्या शब्दांत समाचार घेतला", तेच. शेलकं म्हणजे निवडून काढलेलं आणि तरी त्याचा रोख शिव्यांकडे, दोन्ही भाषांना ही खोडी कशी सुचली कोण जाणे. द्राक्षवाल्या विद्यार्थ्याला हे इतकं आवडलं की तो आता माल परत आला की म्हणतो, साहेबांनी आज चॉइस वर्ड्स ऐकवले.

अल्टर्नेटिव्हबद्दल थोडक्यात. लॅटिनमधला अल्टर म्हणजे दोघांतला दुसरा, म्हणून जुने मास्तर लोक सांगायचे की अल्टर्नेटिव्ह फक्त दोनातच असतो, तीन आले की तो शब्द वापरू नका. ही डिक्शनरी तसं मानत नाही, दोन किंवा जास्त असं सरळ म्हणते. माझी एक जुनी ओळखीची बाई यावरून अजून भांडते. भांडू दे.

आणि एच अक्षरात जाऊन हॉब्सन्स चॉइस बघाच. टॉमस हॉब्सन नावाचा माणूस, १५४४ ते १६३१, इंग्लंडात केंब्रिजला घोडे भाड्याने द्यायचा. तबेल्यात घोडे भरपूर, पण गिऱ्हाईकाला मिळणार दाराजवळ उभा असेल तोच, घ्यायचा तर घे नाहीतर चालायला लाग. म्हणजे चांगले घोडे सारखे जुंपले जाऊन मरायला नकोत म्हणून पाळीने सोडायचा, डोकं होतं गड्याला. तेव्हापासून ज्यात निवड नुसती नावाला असते त्याला हॉब्सन्स चॉइस म्हणतात. रात्री साडेदहानंतर नाशिकरोड स्टेशनवर उतरलात की रिक्षावाला जो आकडा सांगतो, तो.

आता खोड्या. उदाहरणं सगळी तिकडची. पब, काउन्सिल, तिथला पाऊस, तिथले पगार. आपल्या पोरांना वाक्य कळतं पण प्रसंग डोळ्यासमोर येत नाही. भारतीय इंग्रजीला अगदीच वाळीत टाकलंय असं नाही, प्रीपोन आहे, भारतीय इंग्रजी असा शिक्का मारून आहे, पण आपला परीक्षेचा ऑप्शन काही अजून तिथवर पोचला नाही. बारीक अक्षरामुळे चाळिशीच्या पुढच्यांना चष्म्याशिवाय जमणार नाही. आणि सहावी-सातवीच्या मुलाला "इंग्लिश सुधारायला" म्हणून ही देऊ नका, तो दोन दिवस चित्रांची पानं बघेल आणि तिसऱ्या दिवशी तिच्यावर मोबाइल टेकवून कार्टून बघेल. त्या वयाला मराठी अर्थाची छोटी डिक्शनरीच बरी. आपल्याकडे त्याची परंपरा काय कमी आहे, मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा, म्हणजे पावणेदोनशे वर्षं झाली की.

पण अर्थ इंग्रजीतच असला तरी तो वाचून कळतो, हे मात्र मान्य करावं लागेल. अर्थ लिहिताना त्यांनी नेहमीच्या वापरातले ठरावीक शब्दच वापरलेत, म्हणजे एक शब्द बघायला गेलो आणि त्याच्या अर्थातले आणखी चार शब्द बघत बसलो असं सहसा होत नाही. याचं मूळ असंय की ही डिक्शनरी इंग्रजांसाठी बनलेलीच नाही. ए. एस. हॉर्नबी म्हणून होते, ते जपानात इंग्रजी शिकवायचे, तिथल्या पोरांच्या चुका बघून बघून त्यांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ती बनवली, १९४२ मध्ये टोकियोत छापली गेली आणि ऑक्सफर्डने १९४८ मध्ये आपल्या नावाने काढली. म्हणजे जपानी पोरगा पण टू आणि फॉरलाच अडकत होता, हे वाचून माझ्या बॅचला फार बरं वाटलं.

मोबाइलवर फुकट असताना कागदाची कशाला, हा प्रश्न येणारच. खरंय, ऑक्सफर्ड लर्नर्सच्या साइटवर शब्द फुकट बघता येतो, वर ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकू येतात, जे पुस्तक करूच शकत नाही. नुसता एखादा शब्द अडला असेल तर मोबाइलच वापरा, मीही वापरते. पण मोबाइलवर तुम्ही ऑप्ट टाकता, ऑप्ट बघता आणि व्हॉट्सॲपवर जाता. पुस्तकात ऑप्ट बघताना खाली ऑप्शन, ऑप्शनल, ऑप्ट आउट सगळं नजरेखालून जातं आणि न शोधलेलं सापडतं. माझ्या क्लासमध्ये नियम आहे, टेबलावर पुस्तक, मोबाइल पिशवीत. कुरकुर होते.

घेताना दोन गोष्टी. रस्त्यावर किंवा कुठल्याकुठल्या दुकानात ही अर्ध्याहून कमी पैशात मिळते, ती डुप्लिकेट. मला एका दुकानदाराने सरळ सांगितलं, "ताई, आतला मजकूर सेमच आहे, कव्हर जरा फिकं." आतला मजकूर सेम होता खरा, पण चौकटींचे रंग उडून सगळं राखाडी झालेलं, आणि बारीक अक्षरं एकमेकांत मिसळलेली. ज्या चौकटींसाठी पैसे टाकायचे त्याच वाचता येत नसतील तर काय उपयोग. उघडून ऑप्शनचं पान काढा, पट्टी रंगीत आणि अक्षर सुटं दिसलं तरच घ्या. ऑनलाइन किंमत दर आठवड्याला वेगळी दिसते, त्यामुळे आकडा लिहीत नाही, पण एम. जी. रोडच्या बाजूला जाऊन भाव केलात तर छापील किमतीपेक्षा बऱ्यापैकी कमी होतात.

आणि नवीनच हवी असं काही नाही. २०१५ ची नववी आवृत्ती जुन्या पुस्तकांत मिळाली तरी माझं जे वर सांगून झालं, चौकटी आणि टू-फॉर-बट, त्यासाठी ती पुरते. ठरत नसेल तर सार्वजनिक वाचनालयात किंवा तुमच्या जवळच्या एखाद्या लायब्ररीत संदर्भ विभागात बसून आधी अशी एखादी डिक्शनरी चाळा. सावाना, म्हणजे हेच नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, १८४० पासून आहे, आणि तुमचा जो शब्द नेहमी अडतो तो सोबत चिठ्ठीवर लिहून न्या, नाहीतर तिथे गेल्यावर नेमका तोच आठवत नाही.